पहिल्या खेपेचे बीपी कुठे जाते?

पहिले मूल चालायला लागले की शाहूवाडी तालुक्यातल्या बहुतेक घरांत एक वाक्य ऐकू येते, "आता दुसऱ्याचं बघा, म्हणजे एकदाचं उरकून जाईल." घर मराठ्याचे असो, धनगराचे असो, बौद्धाचे असो की मुसलमानाचे, वाक्यात फारसा फरक पडत नाही. सासू म्हणते, नणंद म्हणते, मुंबईहून सुट्टीला आलेला नवराही म्हणतो. त्या सुनेला पहिल्या खेपेला बीपी वाढले होते का, किती वाढले होते, बाळंतपणानंतर ते उतरले का, हे मात्र कुणी विचारत नाही. खुद्द तिलाही अनेकदा सांगता येत नाही. "पायाला सूज आली होती, गोळ्या दिल्या होत्या" एवढेच तिच्या लक्षात असते.

मी डॉक्टर नाही. पण या विषयावर आपल्याकडे जे बोलले जाते ते एकतर दवाखान्याच्या भिंतीवरच्या पोस्टरच्या भाषेत असते, नाहीतर लोकसंख्येच्या भांडणात हरवून जाते. पोस्टरवर हसरे जोडपे असते, भांडणात आकडे असतात. बाई दोन्हीकडे नसते.

आधी आजार काय आहे ते पाहू. गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर गेला आणि सोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट यांवर परिणाम दिसू लागला, तर डॉक्टर त्याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. १६०/११० गाठले की ती तातडीची वेळ. पुढची पायरी एक्लॅम्प्सियाची. त्यात बाईला आकडी येते, शुद्ध हरपते. याचे मूळ वारेत असते. गर्भ रुजताना गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या जितक्या रुंदावायला हव्यात तितक्या रुंदावत नाहीत, वारेला रक्त कमी पडते आणि त्याचे परिणाम आईच्या सगळ्या शरीरात उमटतात. म्हणून बाळ-वार बाहेर पडेपर्यंत हा आजार पुरता हटत नाही, आणि पडल्यावरही काही दिवस, कधी काही आठवडे धोका राहतो. मीठ तोडले, तांबडा रस्सा बंद केला की बीपी जाते असा आपल्याकडे समज आहे. हा आजार टाळण्यासाठी गरोदर बाईचे मीठ तोडा असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. बिचारीला आळणी जेवण देऊन घरचे निर्धास्त होतात, एवढेच त्यातून साधते.

जगभरात बाळंतपणाशी निगडित मृत्यूंमध्ये रक्तस्रावाचा वाटा सर्वांत मोठा आणि त्याच्या पाठोपाठ रक्तदाबाच्या विकारांचा, साधारण दर सात मृत्यूंमागे एक. महाराष्ट्राचा माता मृत्युदर २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. केरळनंतर आपलाच नंबर होता. आकडा अभिमानाचा आहे, पण सरासरीच्या आकड्यात घाटरस्ता दिसत नाही. मलकापूरहून कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय ४५ किलोमीटरच्या आसपास. आंब्याकडून निघाले तर त्यात आणखी वीसेक किलोमीटरची भर. धनगरवाड्यावरून निघायचे तर आधी डांबरी रस्ता गाठायचा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी इथे काढला त्यांना सांगायला नको, पंचगंगेचे पाणी चढले आणि कोल्हापूर-रत्नागिरी मार्गच बंद झाला. आकडी पावसाळा बघून येत नाही.

आकडीला गावात वेगळीच नावे आहेत. कुणी लागिर म्हणते, कुणी बाहेरचे, आमच्याकडे कुणी जिन्नाचा असर म्हणते. मग देवरुषी, अंगारा, नाहीतर आमिल आणि ताविज. माझा आक्षेप श्रद्धेवर नाही, वेळेवर आहे. ताविज दंडाला बांधायला एक मिनिट लागते, ते बांधूनही गाडीत बसता येते. पण आमिलला घरी बोलवायचे, त्याने पाणी फुंकायचे, मग "फरक पडतो का बघू" म्हणून तासभर थांबायचे, हा तास जीव घेणारा असतो. दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेट नावाचे इंजेक्शन असते. फार जुने, फार स्वस्त. ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या मॅगपाय चाचणीने २००२ मध्ये दाखवून दिले की प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला ते दिले तर आकडी येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. औषध आहे, पण बाईने तिथवर वेळेत पोचायला हवे.

आता त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ. पहिल्या खेपेचे बीपी जाते कुठे?

आपल्याकडे ते माहेरी जाते आणि तिथेच राहते. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत हिंदूंत आहे तशी मुसलमानांतही आहे. सातव्या महिन्याचा कार्यक्रम झाला की मुलगी आईकडे जाते. तिचे माहेर शिराळ्याला असेल, पन्हाळ्याला असेल, घाट उतरून साखरप्याला असेल. तिथल्या आरोग्य केंद्रात नाव नोंदते, तिथल्या आशाताई घरी येतात, तिथल्या डॉक्टरांना कळते की हिचे बीपी चढले आहे. बाळंतपण होते. सव्वा महिन्याने, तीन महिन्यांनी ती बाळ घेऊन सासरी परत येते. माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या कपाटात राहते. दुसऱ्या खेपेला ती सासरी असते. इथे नवी आशाताई, नवे उपकेंद्र, नवे कार्ड. "मागच्या खेपेला काही त्रास?" असे नर्स विचारते. शेजारी सासू बसलेली असते. सून म्हणते, "नाही." कारण त्रास झाला होता म्हणावे तर आजारी मुलगी गळ्यात बांधली असे ऐकावे लागेल. कधी सासूच उत्तर देते, "पयल्या खेपेला जरा सूज आलती, आपोआप गेली की." आणि नर्स कार्डावर पुढच्या रकान्याकडे वळते.

माझ्या माहितीतल्या एका घरात कार्ड सांभाळून ठेवलेले होते. उत्साहाने पाहायला घेतले. डिस्चार्जच्या कागदावर बाळाचे वजन होते, टाके कधी काढायचे ते होते, बिलाचा आकडा होता. सिझर का करावे लागले याचे कारण नव्हते, बीपी किती होते ते नव्हते. त्या बाईला एवढेच आठवत होते की डोके फुटेल असे दुखत होते आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तीव्र डोकेदुखी, नजर धूसर होणे, छातीखाली पोटात दुखणे, चेहऱ्यावर एकाएकी सूज, ही सगळी या आजाराची धोक्याची लक्षणे आहेत. तिला ती कुणी सांगितली नव्हती. तिने नंतर मला सांगितली.

हा इतिहास हरवला तर नेमके काय बिघडते? स्वीडनमध्ये साडेसात लाखांहून अधिक मातांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या खेपेला प्री-एक्लॅम्प्सिया न झालेल्या स्त्रियांत दुसऱ्या खेपेला तो होण्याचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होते. पहिल्या खेपेला झालेल्यांत ते शंभरात जवळपास पंधरा. दोन्ही खेपांना झालेल्यांत तिसऱ्या वेळी शंभरात बत्तीस. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शिकाही ढोबळमानाने सहात एक असेच सांगते, आणि आजारामुळे पहिले बाळंतपण चौतीस आठवड्यांच्या आत करावे लागले असेल तर तीनात एक. म्हणजे पहिल्या खेपेचे बीपी ही दुसऱ्या खेपेची सर्वांत महत्त्वाची खबर आहे, आणि तीच आपण माहेरच्या कपाटात विसरतो.

यावर सगळ्यांच्या तोंडी एकच उपाय असतो, दोन मुलांत अंतर ठेवा. मीही तेच म्हणणार आहे, पण ते म्हणताना खोटे बोलायचे नाही. "तीन वर्षांचे अंतर ठेवले की बीपी परत येत नाही" असे जे सांगितले जाते ते तितकेसे खरे नाही. २००२ मध्ये नॉर्वेच्या जन्मनोंदणीवर आधारलेला एक मोठा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. त्यात दिसले ते उलटेच होते. अंतर जसे वाढत जाते तसा प्री-एक्लॅम्प्सियाचा धोका हळूहळू वाढतो, आणि दहा वर्षे उलटली की बाई जणू पहिलटकरीण असल्याइतका होतो. ब्रिटनची मार्गदर्शिकाही हेच बजावते, दहा वर्षांहून अधिक अंतर पडले तर आजार परत येण्याची शक्यता वाढते. दोन वर्षांच्या आतली दुसरी खेप बीपी परत आणतेच, असे आजवरच्या अभ्यासांतून स्पष्ट दिसत नाही.

मग अंतर कशाला? कारण बाई म्हणजे फक्त बीपी नव्हे. लागोपाठच्या खेपांत रक्त भरून निघत नाही, बाळ लवकर आणि कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो, सिझरचा टाका पुरता जुळलेला नसतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या तज्ज्ञ बैठकीने सुचवले की जिवंत बाळ जन्मल्यावर पुढचा गर्भ राहू देण्याआधी किमान चोवीस महिने जाऊ द्यावेत. आणि बीपी झालेल्या बाईसाठी या चोवीस महिन्यांना आणखी एक अर्थ आहे. तो काळ तपासणीचा आहे. बाळंतपणानंतर तीन महिने उलटूनही रक्तदाब चढाच राहिला तर तो गरोदरपणाचा नव्हता, आधीपासूनचा होता, असे डॉक्टर धरतात. विशी-बाविशीतल्या मुलीचे बीपी लग्नाआधी कुणी मोजलेले असते? अशा बाईला रोजची गोळी लागते, आणि गोळी कोणती हेही महत्त्वाचे. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या गर्भाला घातक ठरू शकतात, दिवस राहण्याचा विचार असेल तर डॉक्टर त्या बदलून लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देतात. ठरवून राहिलेल्या गर्भात ही अदलाबदल वेळेत होते. "राहिलं, आता काय करणार" अशा गर्भात ती अनेकदा तिसऱ्या महिन्यानंतर होते.

तिसऱ्या महिन्याचीही एक गोष्ट आहे. ज्या बाईला आधी हा आजार झाला आहे तिला पुढच्या खेपेत कमी मात्रेची ॲस्पिरिनची गोळी रोज दिली तर तो परत येण्याची शक्यता घटते, हे आता पक्के झाले आहे. कॅल्शियम कमी पडणाऱ्या समाजात कॅल्शियमच्या गोळ्यांचाही उपयोग होतो. बंगळुरू आणि टांझानियात प्रत्येकी अकरा हजार स्त्रियांवर झालेल्या चाचण्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांत रोजचे ५०० मिलिग्रॅमही १५०० मिलिग्रॅमइतकेच कामाचे दिसले. पण ॲस्पिरिनचा खरा लाभ बाराव्या ते सोळाव्या आठवड्याच्या दरम्यान सुरू केली तर. आणि आपल्याकडे रीत काय? तीन महिने कुणाला सांगायचे नाही, नजर लागते. चौथ्या-पाचव्या महिन्यात नाव नोंदवायचे. गोळी सुरू करण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. शेजारणीला नका सांगू, पण आशाताईंना सांगा. त्यांची नजर लागत नाही.

"उरकून टाकणे" हा शब्द मला फार खटकतो. शेतीची कामे उरकावीत, लग्नाची खरेदी उरकावी. पण महाराष्ट्रात बाळंतपणेही उरकली जातात, आणि याला सरकारी कुटुंब नियोजनाचाही हातभार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी नसबंदीचे ऑपरेशन करून घेतलेले दिसते. अंतर राखण्याच्या साधनांचा वापर त्यामानाने थोडा. म्हणजे सर्वसाधारण चित्र असे: लवकर लग्न, लवकर पहिले, लगेच दुसरे आणि पंचविशीच्या आत ऑपरेशन. राज्याला मुलांची संख्या मोजायची सवय लागली. ग्रामपंचायतीला उभे राहणाऱ्याला किती अपत्ये हे विचारतात, दोघांत किती अंतर हे कुणी विचारत नाही. पुरुषाच्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेबद्दल तर बोलायलाच नको, ती बाईच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी सोपी असूनही गावात तिचे नाव काढले की माणसे हसतात.

मुसलमानांत याला आणखी एक पदर आहे, आणि त्याबद्दल आपणच बोलले पाहिजे. "देणारा अल्लाह आहे, आपण कोण थांबवणारे" हे वाक्य मी मौलवींपेक्षा पुरुषांच्या तोंडून जास्त ऐकले आहे, ज्यांना नऊ महिने काही वाहायचे नसते. मजहबी परंपरा मात्र यापेक्षा खूप मोकळी आहे. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत आईने बाळाला पूर्ण दोन वर्षे पाजण्याचा उल्लेख आहे, आणि त्याच आयतीत मुलापायी आईला इजा होऊ नये असेही बजावले आहे. पैगंबरांच्या काळात सहाबा अझल करीत, म्हणजे गर्भ टाळण्यासाठी संयम राखत, आणि त्याला मनाई झाली नाही, हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोंदलेले आहे. इमाम गझाली बाराव्या शतकाच्या आरंभी वारले. त्यांच्या इह्यामध्ये अझलची जी रास्त कारणे मोजली आहेत त्यांत बाळंतपणाच्या धोक्यापासून बायकोचा जीव वाचवणे हे कारण आहे. इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथात गर्भ टाळण्याच्या औषधांची चर्चा आहे. हे सगळे किमान नऊशे वर्षांपूर्वीचे. बीपीचे यंत्र नव्हते तेव्हाचे.

आधुनिक काळातले उदाहरण हवे तर इराणचे घ्या. युद्धातून बाहेर पडलेल्या त्या इस्लामी राजवटीने १९८९ मध्ये कुटुंब नियोजन पुन्हा सुरू केले. त्यात अठराच्या आत आणि पस्तिशीनंतर गर्भारपण टाळा, दोन बाळंतपणांत तीन-चार वर्षे जाऊ द्या, असा आग्रह होता. गावोगावी आरोग्यघरे होती, तिथे गावातलीच शिकवलेली माणसे काम करीत. पुढे राज्यकर्त्यांनी धोरण फिरवले, हेही खरे. पण त्या काळात मशिदीतून आणि आरोग्यघरातून एकच गोष्ट सांगितली जात होती, हे आपल्याकडच्या लोकांनी ऐकायला हवे.

एक व्यवहाराची गोष्ट. दोन वर्षे पाजणे म्हणजे दोन वर्षे सुरक्षित राहणे नव्हे. "अंगावर पाजते म्हणजे दिवस जात नाहीत" यावर आपल्या बायकांचा फार भरवसा. तो पहिल्या सहा महिन्यांपुरता खरा, तोही बाळ फक्त आईच्या दुधावर असेल आणि पाळी सुरू झालेली नसेल तर. त्यानंतर साधन लागते. बीपी झालेल्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या माला-डी, माला-एन सारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्या रक्तदाब वाढवू शकतात. तांबी चालते, ती बाळंतपणानंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत दवाखान्यातच बसवता येते. लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली छाया ही हार्मोन नसलेली गोळी सरकारी दवाखान्यात मिळते. अंतराचे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, पण बीपी फार चढलेले असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि निरोध तर आहेच. ज्याचा नवरा मुंबईला हॉटेलात किंवा गाडीवर आहे आणि वर्षातून दोनदा ईदला नाहीतर मोहरमला गावी येतो, त्या घरात हा विषय आधी निघतच नाही. तो चार दिवसांसाठी येतो, पिशवीत मुलांचे कपडे असतात, खाऊ असतो. निरोधचे पाकीट त्या पिशवीत आले तर काही बिघडणार नाही.

हे सारे उघड बोलायला आपण कचरतो, याचे एक कारण बाहेरचेही आहे. मुसलमानांच्या मुलांची संख्या हा निवडणुकीच्या सभेतला टाळीचा विषय झाला आहे. आणीबाणीतली सक्तीची नसबंदी जुनी माणसे विसरलेली नाहीत. १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर करणारे विधिमंडळ महाराष्ट्राचेच होते, राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते बारगळले. त्यामुळे कुणी अंतराचे नाव काढले की समाज आधी सावध होतो, "हे आपली संख्या कमी करायला निघाले." पण समाजाचा जननदर कधीच खाली आला आहे. पहिल्या राष्ट्रीय पाहणीत, १९९२-९३ मध्ये, मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये २.३६. याच काळात हिंदू स्त्रियांमध्ये तो ३.३ वरून १.९४ वर आला. कुणी सभेत काहीही म्हणो, आमच्या बायकांनी आपापल्या घरात निर्णय घेतला आहे. आता प्रश्न संख्येचा राहिलेला नाही. दोनच होणार आहेत. त्या दोन खेपांत आई टिकते का, हा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात हा विचार नवाही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, पुढे त्यापायी प्राध्यापकी गेली, आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले. नोव्हेंबर १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या साधनांबाबतचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. त्या ठरावामागच्या मांडणीत देशाच्या लोकसंख्येइतकीच बाईच्या शरीराची झीजही होती, आज मात्र आपल्याला लोकसंख्या तेवढी आठवते.

सव्वा महिन्याबद्दलही सांगायला हवे. बाळंतिणीने चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम दोन्ही समाजांत आहे. आमच्याकडे चाळीस दिवसांचे न्हाणे झाले की नमाज सुरू होते (घाटाखालचे शाफई भाऊ निफासची कमाल मुदत साठ दिवस धरतात, तो भाग वेगळा). विश्रांती म्हणून ही रीत सोन्यासारखी आहे. पण बाळंतपणानंतरचे बीपी नेमके याच दिवसांत चढू शकते, आणि या दिवसांतली डोकेदुखी "वारं लागलं, कान बांध" म्हणून कानपट्टीखाली दडपली जाते. चाळीस दिवस आणि डॉक्टर सांगतात ते सहा आठवडे यांत दोनच दिवसांचा फरक. न्हाण्याच्या दिवशी नवी साडी येते, बिर्याणी होते, नातेवाईक जमतात. त्याच दिवशी सकाळी उपकेंद्रात जाऊन बीपी मोजून यायचे, असा रिवाज पडायला काय हरकत आहे? रिवाज पाडणे आपल्याला जमते. वाढदिवसाचा केक कुठल्या पिढीत होता?

आणि हे बीपी बाळंतपणापुरतेही नसते. ज्या बाईला प्री-एक्लॅम्प्सिया झाला तिला पुढे आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघात होण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, आणि कायमचा रक्तदाब जडण्याचा त्याहून जास्त. पन्नाशीत "अचानक" लकवा मारलेल्या किती बायकांना पंचवीस वर्षांपूर्वी बाळंतपणात सूज आली होती, हे विचारायची पद्धत नाही.

केंद्र सरकारच्या २०१२ च्या योजनेत आशाताईंना पहिल्या आणि दुसऱ्या मुलात तीन वर्षांचे अंतर राहिले तर पाचशे रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्या अंतरात आईचे बीपी एकदा तरी मोजले का, यासाठी काही नाही. पण संधी आहे. घरभेटीच्या कार्यक्रमानुसार आशाताई बाळाला पाहायला तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात. बाळाचे वजन बघतात, लस विचारतात. तिसऱ्या महिन्याची ही भेट बरोबर त्याच वेळी येते, जेव्हा आईचे बीपी उतरले की नाही याचा निकाल लागायचा असतो. आई तिथेच बाळ मांडीवर घेऊन बसलेली असते. पिशवीत बीपीचे यंत्र असेल, दीड-दोन हजारांचे, तर दोन मिनिटांचे काम आहे. आकडा बाळाच्या कार्डावर लिहायचा, कारण बाळाचे कार्ड लसीसाठी सासरी सोबत येते, ते माहेरच्या कपाटात राहत नाही. त्याच्या पहिल्या पानावर एक ओळ वाढवावी: आईला या खेपेला बीपी होते की नव्हते, असल्यास किती, कितव्या आठवड्यात, आकडी आली का. शाहूवाडी पंचायत समितीला यासाठी मुंबईच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही, रबरी शिक्का करून घेतला तरी भागेल.